दोन कंस

लाखांदूरच्या अलीकडच्या धान खरेदी केंद्रावर
मंगळवारी पहिलं पोतं आलं ते ओलं.
यंत्रानं दाखवलं एकवीस.
दुसऱ्या पोत्याला एकवीस, तिसऱ्याला एकवीस,
साडेतीनला भागरताबाईच्या पोत्यालाही एकवीस.
सतराच्या वर घेत नाहीत.
तिनं दोन दाणे दाढेखाली धरले. कट्ट.
काट्यावरच्या हमालांनीही मान वळवली.
"बापा, हे वाजते. तुह्या डबड्याले दात हायेत का?"

ही यंत्रं मी दुरुस्त करते. फोन मला आला.
बारदान्याच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून
कापगते सरांचा कोड उघडला. सी. नऊशे ओळी.
एकेक ओळ अशी की वाचताना श्वास पुरू नये:
वाढवणं, तपासणं, भागणं, सगळं एका अर्धविरामाच्या आत,
प्रश्नचिन्हाच्या पोटात प्रश्नचिन्ह,
आणि चलांची नावं त, थ, द,
लग्नात आलेले, कोणाच्या बाजूचे ते न कळणारे पाहुणे.

ओळ दोनशे बारा:
        ध्वज & खूण == 0
म्हणजे ध्वजावरची खूण उतरली असेल तरच नवा आकडा घे.
हे सरांच्या मनातलं.
मीही तसंच वाचलं. दोनदा.
पण सीला मनातलं कळत नाही.
तलावाचं पाणी ती आधी बरोबरीला सोडते,
& बिचारा शेवटच्या बांधीतला,
त्याच्यापर्यंत पोचतं ते शून्य.
शून्याशी काहीही जुळवा.
सुरू होताना घेतलेला एकच आकडा
यंत्र दिवसभर उराशी धरून बसलं.

कंपायलर ओरडला असणार. तो ओरडतोच.
सरांनी त्याचं तोंड फार पूर्वी बांधून ठेवलेलं.

सरांना फोन लावला.
ते आता साकोलीत नातवाला शाळेत सोडतात.
"अगं, क्रम मला पाठ होता," म्हणाले,
"पंधराही पायऱ्या. झोपेतून उठवलं तरी."
त्या रात्री कोणी उठवलं नसावं,
हे मी म्हटलं नाही.

दोन कंस घातले.
धुऱ्यावर दोन फावडी माती. पाणी वळलं.

मग हात थांबेना.
बेरजेला कंस, गुणाकाराला कंस, कंसाला कंस.
तेजस्विनी उईके माझ्याकडे शिकायला येते,
खांद्यावरून पाहत होती.
"ताई, दंडारीतही कंस एकच राहते.
तुम्ही त अख्खी मथुरा भरवली."
खरं होतं. चौथीतल्या पोराला जे ठाऊक
तिथले काढून टाकले.
& च्या दारातले ठेवले.
तिथे मोठ्यामोठ्यांची चप्पल चुकते.

त-ला नाव दिलं ओलावा.
रोमन अक्षरांत, पण आपलंच.
आतली प्रश्नचिन्हं सोडवून बाहेर काढली,
एक तेवढं राहू दिलं.
तेजस्विनीनं मोठ्यानं वाचलं:
ओलावा सतराच्या वर? परत, नाहीतर घे.
भागरताबाई पोत्यावर बसून खर्रा घोटत होती.
"एवढंच त होतं. मंग नऊशे ओळी कायले?"

मला उत्तर देता आलं नाही.
तिच्या धानाला तेरा आले.
"सांगतलं होतं," ती म्हणाली,
यंत्राला की मला, कळलं नाही.

ओळ तीनशे चाळीस अजून तशीच आहे.
सर तिथे फारच हुशार काहीतरी करून गेलेत.
चालतंय. का चालतंय ते मला ठाऊक नाही.
तिच्या डोक्यावर एक टीप लिहून
लॅपटॉप मिटला:

हात लावण्याआधी
दोन दाणे चावून पाहा.